पंपाची लायब्ररी

सोसायटीच्या सभेत तोंड उघडायचं नाही, हा रविंद्र साव्यांचा नियम होता. सभेला जायचं, मागच्या खुर्चीवर बसायचं, चहा प्यायचा, ठरावाला हात वर करायचा आणि घरी यायचं. त्या रविवारी चहा यायला उशीर झाला आणि रिकामं तोंड आपोआप उघडलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

विषय पाण्याच्या टाकीचा होता. डहाणूतल्या त्या ‘सागरछाया’ सोसायटीत पंप चालू करायचं काम वॉचमन भिका करायचा आणि बंद करायचं काम कोणीच करायचं नाही. भिका बटण दाबून फाटकाबाहेर चिकूच्या टेम्पोवाल्यांशी गप्पा मारायला जायचा. टाकी भरायची, वाहायची आणि गच्चीवर वाळत घातलेले कपडे पुन्हा एकदा धुऊन काढायची. सेक्रेटरी चिमणभाई तावातावाने बोलत होते. एक जण म्हणाला, भोंगा लावा. दुसरा म्हणाला, भोंगा वाजला तरी बंद करायला भिकाच जाणार ना? तिसऱ्याने टाकीच मोठी बांधायची सूचना मांडली, म्हणजे ती भरायचा प्रश्नच येणार नाही.

“हे ऑटोमॅटिक करता येईल,” सावे म्हणाले.

वाक्य इतकं लहान होतं की ते तिथेच विरून गेलं असतं तरी कोणाचं बिघडलं नसतं. पण सगळ्या माना मागे वळल्या. सावे तलासरीच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते आणि तिथे कोणाचा प्रिंटर अडला की त्यांनाच बोलावत. ते प्रिंटर बंद करत, मनातल्या मनात थोडं थांबत आणि पुन्हा चालू करत. एवढ्या विद्येवर कचेरीत त्यांना ‘कम्प्युटरवाले सावेसाहेब’ म्हणत, आणि एखादी गोष्ट रोज ऐकली की माणूस ती हळूहळू स्वतःही मानायला लागतो.

“आमच्या हर्षदाचा एक छोटा कम्प्युटर घरी पडून आहे,” सावे आता उभे राहिले. “पत्त्यांच्या कॅटाएवढा. त्याला पिना असतात. एका पिनेला टाकीतला तरंगता गोळा जोडायचा, दुसरीला पंप. टाकी भरली की कम्प्युटरच पंप बंद करील. एका रविवारचं काम आहे.”

हर्षदा म्हणजे त्यांची मुलगी. ती पुण्याला इंजिनिअरिंगला होती. सुट्टीत आली असताना तिने हे सगळं जेवता जेवता सांगितलं होतं, आणि सावे त्या वेळी बोंबलाचा काटा काढण्यात गुंतले होते. ‘पिना’ आणि ‘सोपं आहे बाबा’ एवढंच त्यांच्या कानात राहिलं होतं. सभेला मात्र ते एवढंच पुरलं. टाळ्या झाल्या. चिमणभाईंनी पुढे येऊन साव्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

“रविंद्रभाई, तुमच्यासारखा माणूस पायजे सोसायटीला!”

सावे घरी आले ते जिना चढून नव्हे, तरंगत.

पुढच्या रविवारी मुकेश इलेक्ट्रिशियन आला. त्याने टाकीत गोळा सोडला, पंपाच्या खोलीपासून साव्यांच्या घरापर्यंत तारा ओढल्या आणि मध्ये रिले बसवला. रिले म्हणजे कम्प्युटरच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारं बटण. काम आटोपल्यावर मुकेशने डोकं खाजवलं.

“काका, हे उलटं लागलंय वाटतं. कम्प्युटर गप्प असला की पंप चालू राहील असं झालंय. वायर बदलून देऊ?”

आता यावर ‘दे बाबा बदलून’ म्हणायला काय हरकत होती? पण चिमणभाई शेजारी उभे होते, आणि त्यांच्यासमोर काहीतरी उलटं लागलेलं असणं साव्यांना बरं दिसेना.

“राहू दे,” ते म्हणाले, “प्रोग्रॅममध्ये उलटं करून टाकू.”

हे वाक्य त्यांनी आदल्या दिवशी एका व्हिडिओत ऐकलं होतं. चिमणभाईंनी मुकेशकडे ‘पाहिलंस?’ अशा नजरेने पाहिलं.

मग सावे त्या पत्त्यांच्या कॅटासमोर बसले. प्रोग्रॅम त्यांना इंटरनेटवर आयता मिळाला होता. पण तो चालण्याआधी एक लायब्ररी बसवावी लागत होती. ही लायब्ररी म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला हुकुमांचा साठा. तो कम्प्युटरमध्ये उतरवून घेतला की पिनांना ‘चालू हो’, ‘बंद हो’ असं सांगता येतं. साठा नसेल तर कम्प्युटरला आपल्याला पिना आहेत हेच कळत नाही. साव्यांनी हुकूम टाइप केला. पडद्यावर लाल अक्षरं आली. डिक्शनरी जवळ घेऊन त्यांनी अर्थ लावला, तो साधारण असा निघाला: हे वातावरण बाहेरून सांभाळलं जात असल्यामुळे इथे काही बसवता येणार नाही.

सावे थक्क झाले. सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत नसल्याने आपला अर्ज परत करण्यात येत आहे, या आशयाची किती पत्रं त्यांनी स्वतःच्या सहीने लोकांना धाडली असतील! तसं पत्र आपल्याला, आपल्याच घरात, आपल्याच टेबलावर यावं? त्यांनी तोच हुकूम पुन्हा दिला. तेच उत्तर आलं. मोठ्या अक्षरांत दिला. वेगळं उत्तर आलं, पण ते जास्त वाईट होतं. शेवटी कम्प्युटर बंद केला, मनातल्या मनात थोडं थांबले आणि पुन्हा चालू केला. तो काही प्रिंटर नव्हता.

“हर्षदाला फोन करा,” त्यांच्या पत्नी संगिताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

“तिची परीक्षा आहे.”

“परीक्षा झाली तिची.”

“मग दमली असेल.”

संगिताबाईंनी पुढे काही विचारलं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली की बायको काही प्रश्न नुसते फोडणीत टाकते.

एक रविवार गेला, दुसरा गेला. कुठे लिहिलं होतं, नवी बंदिस्त जागा तयार करा आणि लायब्ररी तिच्यात बसवा. ती करायला गेले तर मेमरी कार्डात जागा नाही, कारण त्यात हर्षदाचे जुने प्रयोग भरलेले. जागा केली, तर लायब्ररी जुनी निघाली आणि ती या नव्या कम्प्युटरला ओळखच देईना. त्यातून प्रत्येक पिनेला दोन-दोन नंबर. एक रांगेतला, एक आतल्या चिपचा. घराला ग्रामपंचायतीचा एक आणि नगरपरिषदेचा एक असे दोन नंबर असले की टपाल कसं फिरतं, तसे साव्यांचे हुकूम भलत्याच पिनांकडे जाऊन परत येत होते. खाली भिका पूर्वीसारखा पंप चालू करून फाटकाबाहेर जात होता आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘काम कुठवर आलं?’ असं सौम्यपणे विचारलं जात होतं. त्या सौम्यपणाचा साव्यांना फार त्रास झाला. एका सकाळी तलासरीला निघता निघता, चारोटीला बस थांबली असताना त्यांनी उत्तर लिहून टाकलं. कचेरीतल्या सवयीने भाषा आपोआप शुद्ध झाली.

‘पंपाचे काम थोडे लांबले आहे. लायब्ररी बसवण्यास जागा अपुरी पडत असल्याने विलंब होत आहे. कृपया सहकार्य करावे.’

संध्याकाळी सावे घरी आले, तर दारात चिमणभाई उभे. डोळ्यांत पाणी आणि हातात किल्ली.

“रविंद्रभाई, तुमी बोलला का नाय? पंप पण करता आणि लायब्ररी पण करता, आणि एकटाच करता? जागेचा टेंशन नाय घ्यायचा. गच्चीच्या जिन्याजवळची खोली आहे ना, गणपतीचा मखर ठेवतो ती? ती तुमची!”

“चिमणभाई, ती लायब्ररी म्हणजे तशी नाही. ती आपली छोटीशी...”

“छोटीशीच सुरू होते सगळी! माझे बापूजी लायब्ररीत पेपर वाचून मराठी शिकले. मी किती सालपासून बोलतो, आपल्या सोसायटीत एक लायब्ररी पायजे. सगळे हसतात. तुमी हसला नाय. तुमी करून दाखवला.”

त्यांनी साव्यांना मिठी मारली. त्या मिठीत साव्यांचं तोंड चिमणभाईंच्या खांद्यावर दाबलं गेलं होतं, त्यामुळे त्या क्षणी खुलासा करणं शरीरानेच शक्य नव्हतं. निदान नंतर ते स्वतःला असं सांगत असत. मिठी सुटली तेव्हाही ते बोलले नाहीत, याचं कारण मात्र त्यांना स्वतःलाही सांगता येत नसे.

आणि खुलाशाचं एक आहे. पहिल्या दिवशी तो एका वाक्यात होतो. दोन दिवसांनी त्याला परिच्छेद लागतो. आठवड्यानंतर त्याला व्यासपीठच लागतं. सावे रोज ठरवत की आज सांगायचं, आणि रोज जिन्यात कोणीतरी पुस्तकांचा गठ्ठा घेऊन भेटे.

पुस्तकं म्हणजे तरी काय? चिमणभाईंच्या पुष्पाबेननी गुजराती मासिकं दिली, ज्यांच्यातले पाककृतींचे भाग कापून घेतलेले होते. तळमजल्यावरून आयकराचं मार्गदर्शक आलं, बऱ्याच जुन्या सालचं. जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या आल्या. एका घराने विमा कंपनीच्या डायऱ्या पाठवल्या. कोऱ्या आहेत, पण पुठ्ठा चांगला आहे, असा निरोप होता. लोकांचे माळे मोकळे झाले आणि प्रत्येक जण दानशूर झाला. सावे सगळ्यांना ‘वा वा, फार उपयोगी’ म्हणत आणि रात्री कूस बदलत.

मग एका सकाळी लाडकी आली. ती त्यांच्याकडे धुणीभांडी करायची, कैनाडहून शेअर रिक्षाने यायची. तिने पदराखालून एक पुस्तक काढलं. त्याला वर्तमानपत्राचं कव्हर होतं, कोपरे नीट दुमडलेले.

“दादा, हे तुमच्या लायब्ररीला. आमच्या योगिताचं हाय. शाळेत भाषण केलं तं बक्षीस मिळालं. ती बोलली, माझं पाठ झालंय, तिकडं ठेव, दुसरी पोरं वाचतील.”

साव्यांनी पुस्तक उघडलं. समुद्रातल्या जिवांचं पुस्तक होतं, गुळगुळीत कागदाचं, पानोपानी रंगीत चित्रं. पहिल्या पानावर शाळेचा शिक्का आणि शाईने वळणदार लिहिलेलं योगिताचं नाव. सगळ्या गठ्ठ्यांत हे एकच पुस्तक असं होतं की जे कोणालातरी हवं होतं.

“लाडकी, अगं, हे घरीच राहू दे...”

“का? चांगलं नाय का?”

“फार चांगलं आहे,” सावे म्हणाले. त्या दिवशी त्यांनी नक्की सांगायचं ठरवलं. संध्याकाळी परत आले तर जिन्याजवळच्या खोलीला रंग लागत होता.

बातमी तलासरीलाही पोचली. तिथे साव्यांचे साहेब चांगले गृहस्थ होते, त्यांनी अभिनंदन केलं आणि लगेच विचारलं, “पूर्वपरवानगी घेतलीत ना? शासकीय कर्मचाऱ्याने सार्वजनिक संस्था चालवायची म्हणजे...” तेव्हा साव्यांना, जी लायब्ररी नव्हती तिच्यासाठी, परवानगीचा अर्ज करावा लागला. तो ‘वाचनालयाचे नेमके स्वरूप स्पष्ट करावे’ असा शेरा मारून परत आला. सावे तो शेरा बराच वेळ पाहत बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखादा शेरा रास्त वाटला.

अशा मनःस्थितीत असताना एका सुट्टीच्या सकाळी ती दुसरी लायब्ररी, म्हणजे मूळची, बसली. बंदिस्त जागेत, नवी, या कम्प्युटरला ओळखणारी. साव्यांनी प्रोग्रॅम चालवला. रिलेने ‘टक्’ असा आवाज केला आणि खाली पंप सुरू झाला. टाकी भरली. ‘टक्.’ पंप बंद झाला. सावे खुर्चीतच उडाले. त्यांनी संगिताबाईंना हाक मारली, भिकाला हाक मारली, मुकेशलाही फोन केला. मग मोठ्या अक्षरांत ‘पंप स्वयंचलित आहे. कोणीही हात लावू नये. आज्ञेवरून’ असा कागद पंपाच्या बटणावर चिकटवला. लाईट जाऊन आली तर प्रोग्रॅम आपणहून सुरू व्हावा म्हणून एक ओळ लिहायची असते, तीही त्यांनी व्हिडिओ पाहून लिहिली. तपासून पाहिली नाही. लाईट मुद्दाम घालवून कोण पाहतं?

काही दिवस पंप घड्याळासारखा चालला. त्या दिवसांत साव्यांची मान इतकी ताठ होती की आपण एक खोटं बोलतो आहोत हे ते अधूनमधून विसरत. ‘आता तीही लायब्ररी होऊन जाईल,’ त्यांना वाटायचं, ‘आणि मग खुलासा करायचं काही कारणच उरणार नाही.’

उद्घाटनाला अंगणात मंडप घातला होता. भातकापणी चालू असल्यामुळे लाडकी रजेवर होती; बाकी अख्खी सोसायटी खुर्च्यांवर. सुरुवातीलाच लाईट गेली, माईक बंद पडला आणि चिमणभाईंनी बिनमाईकचं भाषण केलं. ते ओरडून करावं लागल्यामुळे आणखीच मनापासूनचं झालं. “एक माणूस गुपचूप काम करतो, बोलत नाय!” ते म्हणाले. साव्यांना शाल घातली. नारळ दिला. शाल लोकरीची होती, डहाणूची हवा दमट होती आणि आत लाज होती. सावे तिन्हींनी घामाघूम झाले.

तेवढ्यात लाईट आली. मंडपातला पंखा फिरू लागला आणि पंपाच्या खोलीतून घरघर ऐकू आली.

“ऐकलंत?” सावे शेजारच्या खुर्चीकडे झुकून म्हणाले. “आपोआप सुरू झाला.”

झाला होता खरा. भाषणं पुढे चालू राहिली. पुष्पाबेननी गाणं म्हटलं. आभार झाले, आभार मानणाऱ्याचे आभार झाले. घरघर चालूच होती, आणि कौतुकाने ऐकली जात होती. मग चिमणभाईंनी ताटात कात्री घेतली आणि सगळी मिरवणूक फीत कापायला वर निघाली. पुढे चिमणभाई, त्यांच्या मागे शालीतले सावे.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाणी त्यांना सामोरं आलं.

आधी एक पातळ ओघळ आला, मग पायरी-पायरीने उड्या मारत धबधबा. त्या पाण्यात झेंडूची फुलं होती, रांगोळी होती, आणि पुष्पाबेनच्या मासिकाचं एक मुखपृष्ठ गोल गोल फिरत खाली येत होतं. गच्चीवर बदामाची पानं पडून पाणी जायची नळी तुंबली होती. टाकी वाहत राहिली, गच्चीचं तळं झालं आणि ते तळं उंबरा ओलांडून जिन्याजवळच्या खोलीत शिरलं. खालच्या फळ्यांवरची पुस्तकं पाण्यात बसली होती, वरची छताच्या गळतीखाली.

“पंप बंद कर!” सावे जिन्यातून ओरडले.

“साहेब,” खालून भिकाचा आवाज आला, “हात लावू नये असं लिवलंय.”

“लाव रे हात!”

घरघर थांबली. सावे ओल्या शालीसकट घरात धावले. छोट्या कम्प्युटरच्या पडद्यावर एकच ओळ होती. लाईट आल्यावर प्रोग्रॅम आपणहून सुरू व्हायला गेला होता. पण लायब्ररी बसवली होती बंदिस्त जागेत आणि तो शोधत होता बाहेर. ‘लायब्ररी सापडत नाही’ असं इंग्रजीत लिहून तो गप्प बसला होता. आणि कम्प्युटर गप्प असला की पंप चालू राहतो, हे मुकेशने सांगितलं होतंच.

तिथल्या तिथे त्यांनी हर्षदाला फोन लावला. तिने ऐकून घेतलं, एका वाक्यात चूक सांगितली आणि मग विचारलं, “बाबा, मला आधीच का नाही विचारलंत?” “तुझी परीक्षा होती,” ते म्हणाले. “बरं,” ती म्हणाली. तिने वाद घातला असता तर फार बरं झालं असतं.

दुपारभर सगळी सोसायटी गच्चीवर पुस्तकं वाळत घालत होती. धाकट्या डहाणूला बोंबील टांगतात तशी दोऱ्यांवर मासिकं टांगली होती. हळूहळू माणसं जेवायला गेली. चिमणभाई तेवढे राहिले, तोंडात कपड्यांचे चिमटे धरून, एकेक पान सोडवत.

“चिमणभाई,” सावे म्हणाले, “मी लायब्ररी करतच नव्हतो.”

चिमणभाईंनी तोंडातले चिमटे काढले.

“तो मेसेज पंपाचा होता. पंपाच्या प्रोग्रॅमला जी लागते, तिलाही लायब्ररीच म्हणतात. जागा कमी पडत होती ती कम्प्युटरमध्ये. तुम्ही किल्ली घेऊन आलात तेव्हाच मी सांगायला हवं होतं.”

चिमणभाईंनी हातातलं मासिक दोरीवर घातलं, त्याला चिमटा लावला, तो सरळ केला. मग टाकीच्या कठड्यावर बसले.

“मग मी भाषण कशाचा केला?” त्यांनी विचारलं. रागाने नाही. खरंच कळावं म्हणून.

सावे खाली वाकून पुस्तकं उचलू लागले. गंमत अशी की आयकराचं मार्गदर्शक अगदी शाबूत होतं. टेलिफोन डिरेक्टऱ्या उन्हात कुरकुरीत वाळत होत्या. डायऱ्यांचा पुठ्ठा खरोखरच चांगला निघाला. समुद्रातल्या जिवांचं पुस्तक मात्र गुळगुळीत कागदाचं. त्याची सगळी पानं एकमेकांना चिकटून विटेसारखा ठोकळा झाला होता. फक्त पहिलं पान सुटलं. त्यावरची शाई पसरली होती आणि योगिताच्या नावाच्या जागी एक निळा डाग होता.

पुढच्या सुट्टीला सावे तो ठोकळा पिशवीत घालून कैनाडला गेले. रिक्षातून उतरून पाड्यापर्यंत चालताना त्यांनी तीन-चार प्रकारे सुरुवात ठरवली. लाडकीच्या अंगणात भाताचे भारे रचलेले होते. ती झोडणी थांबवून धावत आली, खाट टाकली, पाणी दिलं. साहेब घरी आले म्हणून शेजारच्या दोन बायाही येऊन उभ्या राहिल्या. साव्यांना एकांताची आशा होती. ती गेली. आतून योगिता आली. अकरावीतली मुलगी, केसांत भाताची कुसं अडकलेली.

साव्यांनी ठोकळा काढून खाटेवर ठेवला आणि सगळं सांगितलं. पंप, मेसेज, शाल, पाणी. पाण्यापर्यंत आल्यावर शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. लाडकी त्यांना ‘हसू नका गं’ म्हणता म्हणता स्वतःच हसली. सावे मान खाली घालून बसले. योगिता हसली नाही. तिने ठोकळा हातात घेतला, पानं सोडवायचा प्रयत्न केला, सोडून दिला.

“मी दुसरं आणून देईन,” सावे म्हणाले. “हेच मिळालं तर हेच. शाळेत जाऊन सरांकडून तुझं नावही पुन्हा लिहून आणतो.”

“म्हणजे लायब्ररी नाहीच हाय?” योगिताने विचारलं.

“नाही. खोली आहे, रंग लावलेली. थोडी पुस्तकं आहेत. पण लायब्ररी अशी...”

“मी कॉलेजात मैत्रिणींना सांगितलंय,” ती म्हणाली. “डहाणूला लायब्ररी झाली म्हणून.”

अंगणात कोणी हसेना. साव्यांनी कपाळाचा घाम पुसला.

“रविवारी उघडी राहील,” ते म्हणाले. हे वाक्य कुठून आलं ते त्यांना कळलं नाही. सभेतही असंच झालं होतं, पण तेव्हा बोलल्यावर बरं वाटलं होतं. आत्ता भीती वाटली.

ठोकळा तिने परत घेतला नाही. “लायब्ररीला दिलेलं हाय ते,” म्हणाली, आणि पिशवीत घालून साव्यांच्या हातात दिला.

घरी येऊन सावे आधी चिमणभाईंकडे गेले. पुष्पाबेननी दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. सावे उंबऱ्यातूनच म्हणाले, “चिमणभाई, खोली रविवारी उघडायची म्हणतो. मी बसेन.” चिमणभाईंनी आतून येऊन किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. बोलले नाहीत. भाषण करणारा माणूस बोलला नाही की ते फार लागतं. मुकेशला बोलावून साव्यांनी रिलेची वायर सुलट करून घेतली, बटणावरचा कागद काढला आणि पंपाचं बटण भिकाच्या स्वाधीन केलं.

रविवारी सकाळी ते खोलीत जाऊन बसले. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली होती आणि तिला लागूनच त्यांनी मुद्दाम टेबल लावलं. सोसायटीतलं कोणी आलं नाही. जिन्यात पावलं वाजली की सावे सरळ बसत. पावलं गच्चीवर कपडे वाळत घालायला जात आणि परत जाताना दारापाशी जरा हळू होत. खाली मुलं क्रिकेट खेळत होती. कोणीतरी ‘लायब्ररी बुडाली’ असं काहीतरी ओरडलं आणि हशा झाला. साव्यांनी आयकराचं मार्गदर्शक उघडलं आणि वाचू लागले.

उन्हं वर आल्यावर योगिता आली. सोबत लाडकी होती. ती दारातूनच ‘मी भांडी उरकून येते’ म्हणून खाली गेली. योगिताने चपला बाहेर काढल्या आणि फळ्यांपुढून फिरू लागली. प्रत्येक पुस्तक काढून पाहिलं. डिरेक्टरी उघडली, मिटली. डायरी उघडली, कोरी पानं उलटली, मिटली. मासिकात पाककृतींच्या जागची भोकं पाहिली. फुगलेली पुस्तकं परत जागेवर बसेनात, तर ती हाताने दाबून बसवली. सावे तिच्या पाठीकडे पाहत होते. कचेरीत लोक त्यांच्या टेबलासमोर असे उभे राहत. टेबलाच्या या बाजूला बसूनही आपलाच अर्ज तपासला जातो, हे त्यांना माहीत नव्हतं.

शेवटची फळी संपली. ती वळली.

“काका,” ती अगदी हळू, त्यांना वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, “यात वाचायचं काहीच नाय.”

“नाही,” सावे म्हणाले.

त्यांना वाटलं ती आता जाईल. ती गेली नाही. साव्यांनी मार्गदर्शक मिटलं, बाजूला सारलं आणि घसा साफ केला. गेल्या कित्येक आठवड्यांत कोणालाही न विचारलेली गोष्ट त्यांनी विचारली.

“तुला काय वाचायचंय?”

उत्तर लांबलचक असावं, कारण ती आधी खुर्ची ओढून बसली.